मंडईतली बाग खऱ्या जमिनीवरच हवी

महोदय,

जुन्या मंडया पाडून तिथे बाजार, वाहनतळ आणि सोबत नागरिकांसाठी हिरवा चौक, असे आराखडे मुंबईत आता वरचेवर मांडले जातात. चित्रात झाडे भरगच्च असतात. त्यांच्याखाली काय आहे, हे मात्र नकाशातला उभा छेद पाहिल्याशिवाय कळत नाही. खाली वाहनतळाचा स्लॅब असेल, तर बागेचे भवितव्य तिथेच ठरते.

भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. सावली देणाऱ्या मध्यम झाडाला निदान सव्वा मीटर खोल माती लागते, म्हणजे स्लॅबच्या दर चौरस मीटरवर दोन टनांहून अधिक भार आला. असा स्लॅब महाग पडतो. मग खर्च कमी करताना मातीचा थर अर्ध्या मीटरवर आणला जातो. तेवढ्यात हिरवळ आणि शोभेची झुडपे जगतात; झाड वाढलेच तर त्याची मुळे आडवी पसरतात आणि पावसाळी वाऱ्यात ते मुळासकट कलंडते. जलरोधक थरावर मुळे अडवणारा पडदा घातला नाही, किंवा पाणी वाहून जायला शंभरास एक उतार दिला नाही, तर खालचे छत गळू लागते. दुरुस्तीसाठी सर्वांत आधी उखडली जाते ती बागच. म्हणून तळघर इमारतीच्या पायाशीच थांबवावे, चौकाखाली नेऊ नये.

पण जमीन मोकळी ठेवली म्हणजे ती मोकळी राहते, असेही नाही. विल्यम इमर्सन यांनी आखलेल्या आणि 1869 साली उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या आवारात बाग आणि कारंजे होते. बाजार वाढत गेला तशी ती जागा शेडनी व्यापली. नव्या मंडईत माल उतरवण्याचा धक्का आणि टेम्पोचा रस्ता चौकापासून पूर्ण वेगळा काढला नाही, तर पहाटे चार वाजता टेम्पो बागेतच उभे राहतील. चौकाच्या तोंडाशी सव्वा मीटर अंतराने खांब रोवले की टेम्पो अडतो आणि चाकाची खुर्ची आत जाते.

मासळीबाजाराचे पाणी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. बर्फ वितळून येणारे खारट पाणी आळ्यांत गेले की पानांच्या कडा करपतात आणि झाड हळूहळू मरते. त्या भागाला जाळी, गाळ साठवणारी टाकी आणि मलनिःसारण वाहिनीला स्वतंत्र जोडणी हवीच.

बांधकामाचा राडारोडा चौकात पुरून वर वीतभर लाल माती पसरण्याचा प्रकार तर थांबलाच पाहिजे. मिक्सरच्या फेऱ्यांनी जमीन दगडासारखी होते. लागवडीपूर्वी ती मीटरभर खणून मोकळी करावी लागते. झाडे करंज, बकुळ, ताम्हण अशी लावावीत. ठिसूळ फांद्यांचा गुलमोहर गर्दीच्या जागी नको. बुंध्याभोवती मीटरभर जागा फरसबंदीविना ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीसाठी तसा आदेश दिलाच आहे.

निविदेत आणखी एक अट घालावी: ठेकेदाराच्या अनामत रकमेचा ठरावीक भाग तीन उन्हाळे उलटल्यावर, जगलेली झाडे मोजूनच परत द्यावा.

– एक उद्यानरचनाकार, मुंबई