फुगडीतली हळद

विश्रामबाग, सांगली

प्रिय सखे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "खुर्चीतून उठताना कंबर धरते, चाळिशीनंतर हे चालायचंच." तेव्हा मी गप्प बसले, पण ते वाक्य काही मनातून जाईना.

अगं, गेल्या वर्षी माझंही हेच होतं. दहाला काउंटरवर बसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठणं नाही. संध्याकाळी पाय सुजून सँडलचा पट्टा रुतायचा. पोटऱ्यांना दुसरं हृदय म्हणतात. त्या हलल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं, आणि आपण त्यांना दिवसभर टेबलाखाली निजवून ठेवतो. आमराईत फिरायला जाऊन पाहिलं, आठ दिवसांत सुटलं. एकटीनं किती दिवस जाणार?

मग शेजारच्या वहिनींनी नाचाच्या वर्गाला ओढून नेलं. आठवड्यातून चार दिवस, पाऊण पाऊण तास. थोडा झुंबा, थोडं लेझीम आणि आपले मंगळागौरीचे खेळ. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आमची १८० होतात. मध्यम म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. झिम्म्यात तर नाचायचंही आणि गायचंही, मग दम लागणारच! पहिल्याच आठवड्यात हौसेनं उड्या मारल्या नि गुडघा धरला. बाईंनी बूट घ्यायला लावले आणि महिनाभर नुसती पावलं टाकायला सांगितली. तूही उड्यांची घाई करू नकोस.

वर्गातल्या एका फिजिओथेरपिस्टनं सुरुवातीला आमच्याकडून त्याच संघटनेची जीवनमानाची प्रश्नावली भरून घेतली होती. २६ प्रश्न. झोप, दुखणं, पैसा, माणसं, सगळं विचारतात. आयुष्याचा आनंद किती घेता, या प्रश्नापाशी माझं पेन अडलं. पाचपैकी दोनवर खूण केली आणि कुणाला दिसू नये म्हणून कागद दुमडला. सहा महिन्यांनी त्याच प्रश्नाला चारवर केली. वजन म्हणशील तर दोन किलोसुद्धा उतरलं नाही. पण पडल्या पडल्या झोप लागते, आणि घरी आल्यावर पोरांवर खेकसणं कमी झालंय. ते मुलंच सांगतात.

फुगडीला माझी जोडीदारीण मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. तीही दिवसभर बसूनच. हातांची अढी घालायची, पायाला पाय लावायचे आणि मागे रेलायचं. तिनं हात सोडला तर मी पडणार, मी सोडला तर ती. पहिल्यांदा मला रेलताच येईना, किती वर्षांत कुणावर असा भार टाकलाच नव्हता गं. ती म्हणाली, "टाका वजन, मी धरलंय." घरी आल्यावर तळहाताला हळदीचा वास होता. त्या दिवशी साबण लावावासा वाटला नाही.

श्रावणात चार दिवस ये. येताना बूट आण, साडी माझी नेस.

तुझीच,
शाळेतली बाकावरची सोबतीण