झडीतल्या अंधारावर नाल्याचा उपाय

महोदय,

मेळघाटात वीज जाते ती नेमकी पावसाळ्यात. झड लागली की सागाची फांदी तारेवर येते, अकरा केव्हीची लाइन ट्रिप होते आणि फॉल्ट शोधायला जंगलातून पायी फिरावे लागते. लाइनमन म्हणून माझी सारी नोकरी धारणी-चिखलदऱ्याच्या या डोंगरात गेली. तुटलेला जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, पलीकडच्या खांबावर दिसतो, पण मधल्या नाल्याला पूर असतो. तो उतरेपर्यंत गाव अंधारात. सौर दिवे आहेत, मात्र आठवडाभर ऊन पडले नाही की बॅटऱ्या बसतात. साप-विंचवाचे दिवसही तेच, आणि बाळंतिणीला रात्री हलवता येत नाही तेही तेव्हाच.

त्याच आठवड्यात नाले मात्र दुथडी वाहत असतात. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्यांना मिळणारे कितीतरी ओहोळ गाविलगडच्या कड्यांवरून उड्या घेत येतात. धरण न बांधता त्या वाहत्या पाण्यावर चालणारे लहान वीजसंच इथे बसवावेत, अशी माझी कळकळीची मागणी आहे. उन्हाळ्यात नाले आटतात, मग उपयोग काय, असे साहेब लोक विचारतात. उन्हाळ्यात सौर पॅनल भरपूर वीज देते. अडचण पावसाळ्याची आहे आणि पाणीही पावसाळ्यातच आहे!

हिशोब साधा आहे. सेकंदाला 100 लिटर पाणी 10 मीटर खाली पडले, तर यंत्रातली घट धरूनही 5 किलोवॅटच्या आसपास वीज हाती येते. घरटी 40 वॅट धरले तर सव्वाशे घरांचे दिवे आणि मोबाइल त्यावर चालतील. वर एक छोटा बंधारा, तिथून चर, हौद, पाइप आणि खाली टर्बाइन. काम झालेले पाणी परत नाल्यात. मासे टिकावेत एवढी धार मूळ पात्रात सोडायलाच हवी, त्यात तडजोड नको.

सातपुड्यातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात, 2003 साली गावकऱ्यांच्या श्रमदानातून 15 किलोवॅटचा असा संच उभा राहिला होता. 2006 च्या पुरात तो गेला. म्हणून यंत्रघर पूररेषेच्या वर हवे. दुसरी गोष्ट पाण्यातला कचरा अडवायला पाइपाच्या तोंडाशी बसवायच्या जाळीची. सागाचे पान थाळीएवढे, ओले झाले की जाळीला असे चिकटते की दोन-चार पानांत पाण्याची वाट बंद. पुरात ती जाळी सकाळ-संध्याकाळ हाताने साफ करावी लागेल आणि ते काम करणाऱ्या गावातल्या पोराला महिन्याचा पगार मिळाला पाहिजे. ठेकेदाराचा माणूस परतवाड्याहून येईल, या भरवशावर काहीही टिकणार नाही. रात्री गाव झोपल्यावर उरणारी वीज लोड कंट्रोलर, म्हणजे संचावरचा भार सारखा ठेवणारे यंत्र, हीटरकडे वळवतो. त्यावर आश्रमशाळेतल्या मुलांना आंघोळीचे गरम पाणी मिळेल.

जंगलाची परवानगी मिळणार नाही, हे ऐकून ऐकून लोक थकले आहेत. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने ज्या कामांसाठी वनजमीन देता येते, त्यांत अपारंपरिक ऊर्जाही आहे. अट एवढीच की जागा एक हेक्टरपेक्षा कमी लागावी आणि हेक्टरी 75 हून अधिक झाडे तुटू नयेत. असल्या संचाला एवढी जागा लागतच नाही.

जिल्हा प्रशासनाने यंदाच्या पावसाआधी निवडक नाल्यांवर पाणी मोजण्याच्या पट्ट्या रोवाव्यात आणि धारणीच्या आयटीआयतील मुलांना नोंदी घ्यायला लावावे. जून ते डिसेंबरच्या त्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. संच कोणत्या नाल्यावर बसवायचा, हे ग्रामसभेने ठरवावे.

— एक निवृत्त लाइनमन, ता. धारणी, जि. अमरावती