वकीलताई, तुम्ही माझी मापांची वही पुरावा केलीत

वकीलताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. ‘कामच आहे माझं’ म्हणता आणि लगेच हाताचं विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. सांगते मी, टाइप करते मुलगी. तुम्ही वाचालच, पण माझ्यासारख्या कुणी बाईने वाचलं तर तिच्या उपयोगी पडेल.

त्या सकाळी मी नाशिकच्या मालेगाव स्टँडकडून होळकर पुलाकडे येत होते. ॲपवर तासाच्या हिशोबाने मिळते ना, ती सायकल. रिक्षापेक्षा स्वस्त पडते म्हणून रविवार कारंजाच्या माझ्या शिवणाच्या दुकानात जायला मी दोन महिने रोज तीच घ्यायचे. पुढची कार सिग्नल न देता एकदम डावीकडे वळली. मी ब्रेक दाबला, तर ब्रेकची दांडी पार मुठीला टेकली आणि सायकल थांबलीच नाही. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये प्लेट टाकली.

पुढचे चार महिने मी काहीच केलं नाही. कारवाला म्हणाला, ब्रेक लागले नाहीत ती सायकलवाल्यांची चूक. सायकलवाल्यांनी कळवलं, कारने धडक दिली त्याला आम्ही काय करणार, शिवाय ॲप घेताना तुम्ही सगळ्या अटी मान्य केल्या आहेत. गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सायकलला कुठे विमा असतो? मलाही ते पटलं होतं. हात गळ्यात बांधून मशीनकडे बघत बसायचे. मग एक जण घरी आला, म्हणाला, मी केस लावून देतो, मिळेल त्यातले तीस टक्के माझे. मी हो म्हणणारच होते. मुलगी म्हणाली, आधी कोर्टात जाऊन विचारू.

सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे हे मला पन्नाशीत कळलं. मी उत्पन्नाचा दाखला काढून आणला होता. तो तुम्ही बाजूला ठेवलात आणि म्हणालात, ‘बाई आहात एवढं पुरे. 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.’ तीस टक्क्यांचं सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बदलला. भरपाईत वाटा ठरवून वकिलाने केस घ्यायची नाही असा बार कौन्सिलचा नियमच आहे, हे मला तिथे समजलं. लगेच तुम्ही अपघाताची तारीख विचारलीत आणि कॅलेंडर काढलंत. मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो, आणि माझे सात आठवडे उरले होते. त्या दिवशी तुम्ही जेवलाही नव्हता, डबा टेबलावर तसाच होता. ते मी विसरले नाही.

सायकलच्या विम्याचा घोळ तुम्ही दोन मिनिटांत सोडवलात. विमा सायकलला नाही, कारला आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीला तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा आहे आणि तो तिसरा माणूस म्हणजे मी. सायकल भाड्याची असो की स्वतःची, पायी चालणारा असो, काही फरक पडत नाही. सायकलवाल्यांचं भांडण वेगळं, ते ग्राहक आयोगात. त्यांचं ऑफिस कुठल्याही शहरात असलं तरी मी राहते नाशिकला, म्हणून तक्रार इथेच करता येते, आणि त्याला दोन वर्षांची मुदत आहे. ॲपवर ‘मान्य’ दाबलं म्हणून बिघडलेली सायकल देण्याची जबाबदारी त्यांच्या अंगावरून जात नाही. आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात त्याचं तुम्ही सांगितलंत ते मी आता दुकानात सगळ्यांना सांगते. दोघांच्या चुकीने तिसऱ्याला लागलं, तर कुणाची किती चूक हे त्या तिसऱ्याने मोजत बसायचं नसतं, ते त्यांनी आपसात बघावं. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हे स्पष्ट केलं आहे म्हणालात.

सिव्हिलचे एमएलसीचे, म्हणजे पोलिसांसाठी केलेल्या अपघाताच्या नोंदीचे कागद, पोलिसांचा पंचनामा, ॲपमधली त्या फेरीची नोंद आणि सायकलचा नंबर, हे सगळं तुम्ही मुलीला बसवून गोळा करायला लावलंत. ॲप मी रागाने काढूनच टाकलं होतं. परत टाकल्यावर फेरी तशीच दिसली, वेळेसकट, तेव्हा आम्हा दोघींपेक्षा तुम्हाला जास्त आनंद झाला.

पण मला खरं सांगायचंय ते वहीचं.

विमा कंपनीचे वकील म्हणाले, या बाईंच्या कमाईचा पुरावा काय? पगाराची पावती नाही, बँकेत पैसे नाहीत. खरंच होतं. ब्लाउजचे, फॉल-पिकोचे पैसे रोख येतात आणि किराण्यात जातात. मला वाटलं संपलं. तुम्ही विचारलंत, ‘मापं कशात लिहिता?’ दुसऱ्या दिवशी मी सहा वर्षांच्या वह्या पिशवीत घालून आणल्या. छाती, कंबर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, नेण्याची तारीख, शिलाई, जमा, बाकी. तुम्ही पान न् पान बघितलंत, महिन्यांच्या बेरजा केल्यात, लग्नसराईचे महिने वेगळे काढलेत. माझ्या वह्या इतक्या मन लावून कधी कुणी वाचल्या नव्हत्या, मीसुद्धा नाही. मी वर्षाला किती कमावते हे मला तुमच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं.

आणि दाखल्यातल्या अपंगत्वाच्या टक्क्यावर तुम्ही थांबला नाहीत. मनगट किती टक्के वळत नाही हा एक हिशोब, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडते हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालाचा आधार घेऊन तुम्ही तो दुसरा हिशोब मांडलात. कापडावर कात्री धरायला मनगट किती वळावं लागतं हे तुम्ही माझ्याकडून शिकून घेतलंत, टेबलावर वर्तमानपत्र ठेवून स्वतः कापून बघितलंत. समोरच्यांनी हेल्मेटचा मुद्दा काढला. तुम्ही एवढंच म्हणालात, हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही, आणि मोडलंय मनगट.

कारच्या विम्याचं प्रकरण लोक अदालतीत मिटलं. रक्कम इथे सांगत नाही, पण दुकानाचं थकलेलं भाडं गेलं आणि हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमचे पैसे फिटले. पहिल्यांदा त्यांनी जो आकडा सांगितला त्यावर सही करायला माझा हात पुढे गेला होता, तुम्ही टेबलाखालून तो धरलात. तडजोड झाली की पुढे अपील नाही, म्हणून घाई नको, असं हळू आवाजात म्हणालात. ग्राहक आयोगातली तक्रार अजून चालू आहे. चालू दे. होळकर पुलाकडच्या त्या उतारावर सकाळी शाळेची मुलंही त्याच सायकली घेऊन जाताना मला दिसतात.

पेढे तुम्ही घेतले नाहीत, मोफत वकिलाने पक्षकाराकडून काही घ्यायचं नाही म्हणालात. बरोबर आहे. पण पहिल्या भेटीतच मी पाहिलं होतं, तुमच्या काळ्या कोटाचं अस्तर डाव्या बाहीखाली उसवलंय. शेवटच्या तारखेलाही तसंच होतं. आता माझा हात सुईला चालतो. कोट दुकानात पाठवा. शिलाई रोख द्या, मी वहीत जमा लिहीन.

तुमची,
रविवार कारंजाची ब्लाउजवाली