ते पान ओलं नव्हतं, काका

काका, साष्टांग नमस्कार.

नाव लिहिलंस तर परत घरात पाय ठेवणार नाही, असा दम तुम्ही भरलाय, म्हणून नुसतं काका. लिहायला उशीर झाला. दोन-तीनदा बसले आणि दर वेळी डोळ्यांत पाणी आलं. या पावसाळ्यात घरात आणखी काही ओलं व्हायला नको होतं.

आमच्या सोडा फॅक्टरीच्या त्या हिशेबाच्या वह्या. फॅक्टरी हा आजोबांचा शब्द. खरं तर दोन खणांची पडवी, हातानं फिरवायचं मशीन, गॅसचा सिलिंडर आणि गोळीच्या बाटल्यांची लाकडी खोकी, एवढाच पसारा. बाटली उलटी करून भरायची, म्हणजे गोळी गळ्याशी यायची आणि गॅसच्या दाबानं तिथल्या रबरी वायसरला घट्ट बसायची. भरताना एखादी फाटकन फुटायची. तिचीही नोंद वहीत. फॅक्टरी बंद होऊन जमाना झाला, वह्या मात्र राहिल्या. लाल कापडाची बासनं, दर दिवाळीला पूजलेली, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे आमच्या पेठेचं काय झालं असेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. तेव्हा बाबांनी फ्रिज सोडला, गाद्या सोडल्या आणि बासनं माळ्यावर चढवली. २०२१ च्या पुरातही ती वरच होती म्हणून वाचली. आणि यंदा माकडांनी कौलं सरकवली. नदीच्या तोंडातून काढलेलं आभाळानं भिजवलं. आम्हाला कळेपर्यंत रात्र उलटून गेली होती.

मग मी मदत शोधायला निघाले. रद्दीवाल्यानं ओल्या रद्दीचा भाव सांगितला. त्याच्यावर राग नाही, तो निदान सरळ बोलला. एका कार्यालयातले साहेब म्हणाले, "दारूच्या भट्टीच्या वह्या असत्या तर बघितलं असतं, मॅडम. सोड्याचा हिशेब कोण वाचणार?" चार वर्षांपूर्वी एक इतिहासप्रेमी गृहस्थ भाषणाला दाखवायची म्हणून आमची सगळ्यात देखणी वही घेऊन गेले होते. ती अजून परत आलेली नाही. त्यांनाही फोन केला. "उन्हात टाका, वाळतील," म्हणाले. आषाढात! आमच्या वारशाबद्दल स्टेजवरून गळा काढणारी माणसं ही.

तुमचा नंबर कुणाकडून मिळाला तेही आता आठवत नाही. मी अर्धं सांगेपर्यंत तुम्ही म्हणालात, "उघडू नकोस. उन्हात टाकू नकोस. पानं ओढू नकोस. मी आलोच." आणि आलात की! भर पावसात, स्कूटरवर, पुढं पाय ठेवायच्या जागी टीपकागदांचा गठ्ठा आणि पिशवीत काकूंची जुनी सुती लुगडी. उंबऱ्याबाहेर चपला काढल्यात, आणि वह्या ठेवलेल्या खोलीच्या दारात रेनकोटही काढून ठेवलात. का, तर एक थेंब वहीवर पडायला नको. पुढचे बारा दिवस काय काय केलंत ते इथं सांगत बसत नाही. कुणी अर्धवट वाचून तसं करायला जाईल आणि स्वतःच्या वह्यांची वाट लावेल. एवढंच सांगते, की जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली पानं गेली. पाणी लागल्याबरोबर ती शाईसारखी पसरली. बोरूनं, काजळीच्या शाईत लिहिलेली जुनी मोडी मात्र राहिली. "काजळ मरत नाही बाळ, डिंक तेवढा सुटतो. म्हणून पुसायचं नाही," तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आमच्या घरात मोडी कुणालाच येत नाही. आजोबांना यायची, बाबा शाळेत गेले तेव्हा शाळेतून मोडी हद्दपार झालेली. त्यामुळे इतकी वर्षं आम्ही पूजा करत होतो ती न वाचता येणाऱ्या कागदांची. तुम्ही वाचायला लागलात तशी गल्लीतली माणसं संध्याकाळी पडवीत जमायला लागली. उभी रेघ म्हणजे चार आणे, आडवी रेघ म्हणजे एक आणा. दोन उभ्या आणि दोन आडव्या म्हणजे दहा आणे. हे पोरांना तुम्ही असं शिकवलंत की ती आता चिंचेचे पैसेपण रेघांत लिहितात. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या जत्रेला किती खोकी गेली, खासबागेतल्या कुस्त्यांना किती, बर्फाला किती पडले, फुटीच्या बाटल्या किती. मार्च १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं त्या दिवशीही आजोबांनी फक्त वायसर आणि बर्फ लिहिलाय! त्याच वर्षी दारूबंदीचा कायदा झाला. पुढच्या वहीत संध्याकाळची ठरलेली गिऱ्हाइकं एकेक करून गळालेली दिसतात, हे तुम्ही मिश्किलपणे दाखवलंत तेव्हा बाबा पोट धरून हसले. आजोबा माळकरी. पण सोडा कशात जातोय हे विचारायला धंद्याला माळ नसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

सहाव्या संध्याकाळी तुम्ही एक पान उलटलंत. दोन ओळी मनातल्या मनात वाचल्यात. पडवीत दहा-बारा जण होते, शेजारचे आजोबा खुर्चीत पुढं सरकून बसलेले. सगळे वाट बघत होते. तुम्ही पानावर पंजा ठेवलात, अगदी हलका, आणि म्हणालात, "हे पान अजून ओलं आहे. नंतर वाचू." आणि पुढचं पान घेतलंत.

मी शेजारीच बसले होते, काका. सकाळी ते पान टीपकागदातून मीच काढलं होतं. कडक वाळलेलं होतं.

रात्री सगळे गेल्यावर मी विचारलं. तुम्ही चहा संपवला आणि मग सांगितलंत, "उधारीचं पान आहे. नावं आहेत. ज्यांची आहेत त्यांची नातवंडं तुझ्या पडवीत बसली होती." बस, एवढंच. नावं मी विचारली नाहीत. बाबांनीही विचारली नाहीत, आणि बाबांना सगळ्यांच्या भानगडी माहीत असाव्या लागतात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

हे असं चारचौघांत लिहून मी तुमचं झाकलेलं उघडं पाडतेय का, याचा विचार केला. पण नावं मलाच माहीत नाहीत, तर उघडं काय पडणार? आणि त्या साहेबांना, त्या भाषणवाल्यांना कळू दे की जुने कागद सांभाळणं म्हणजे काय. मोडी शिकता येते, टीपकागद विकत मिळतो. पंजा कुठं ठेवायचा हे कुठल्या वर्गात शिकवतात? मला वाटतं आपल्याकडं अशी माणसं आहेत अजून, फक्त ती स्कूटरवरून येतात आणि मानधन विचारलं की रागावतात. पाकीट तुम्ही परत केलंत. सोड्याची ती एक जुनी बाटली घेतलीत, गोळी आत खुळखुळणारी, नातवाला म्हणून. वायसर कुजलाय तिचा, मी नवा शोधतेय.

काल तुमची लिप्यंतराची वही आली. फुलस्केप, एकटाकी अक्षर, समासासह. बाबांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून सुरुवात केलीय. मी मात्र आधी ते पान उघडलं. वरच्या जत्रेच्या पानावर एकेक खोकं तुम्ही उतरवून काढलंय. या पानावर दोनच ओळी आहेत:

"किरकोळ उधारी, एकूण रुपये ८३, आणे १०.

पुढील वहीत ओढलेली नाही."

तुमची,
सोडावाल्यांची नात