माझ्या 43,800 पन्न्या

महोदय,

मी 31 वर्षे एसटीत वाहक होतो. हिशोब जुळल्याशिवाय बॅग जमा करायची नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. परवा नातीने कोकोस बेटांवरच्या कचऱ्याबद्दल वाचून दाखवले, तेव्हा मी आधी कागद-पेन्सिल मागितली.

कोकोस (कीलिंग) ही हिंदी महासागरातली ऑस्ट्रेलियाची 27 बेटे. वस्ती जेमतेम 600 माणसांची. तिथल्या किनाऱ्यांवर 238 टन प्लास्टिक असावे, असा अंदाज 2019 साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यात सुमारे 9 लाख 77 हजार चपला-बूट आणि 3 लाख 73 हजार टूथब्रश. भागाकार केला, माणशी 620 ब्रश आले. तीन महिन्यांनी एक बदलला तरी दीडशे वर्षे पुरतील. म्हणजे हा माल त्या लोकांचा नव्हेच, सगळा विनातिकीट येऊन उतरलेला. त्यातही वर दिसतो त्याच्या कितीतरी पट वाळूत गाडलेला.

सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटावर तर गावच नाही. लाखभर मोठाली कासवे आणि थोडे संशोधक. 2019 मध्ये 12 जणांनी पाच आठवडे राबून तिथून 25 टन कचरा काढला. मागे अजून 500 टनांच्या वर उरला आहे, आणि तो काढायला 18,000 माणूस-तास लागतील असे त्यांनीच काढले. आठ तासांची ड्यूटी धरली तर 2,250 ड्यूट्या झाल्या. तेवढ्यात समुद्र नवीन आणून टाकणार, ते वेगळेच.

आता माझा हिशोब. मी 30 वर्षे रोज चार खर्रे, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे घोटलेले मिश्रण, खाल्ले. तोंड आखडून त्यात तीन बोटे जाईनात तेव्हा डॉक्टरांनी सोडायला लावले. खर्रा पन्नीत (प्लास्टिकच्या पातळ तुकड्यात) घोटतात आणि पन्नीतच देतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. 43,800 पन्न्या झाल्या. त्यातली एकही मी घरी आणून डब्यात टाकल्याचे आठवत नाही. बसच्या खिडकीतून, पुलावरून, नालीत. खर्ऱ्यावर बंदी आहे, पन्नीवर 2018 पासून बंदी आहे, आणि दोन्ही एकाच पानठेल्यावर मिळतात.

आपण झीरो माइलवाले, समुद्रापासून लांब, समुद्राशी आपला काय संबंध, असे मलाही वाटायचे. पण नाग नदी पिवळीला मिळते, दोघी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. मध्ये भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचे धरण आहे, तेव्हा माझी पन्नी थेट कोकोसला पोचली असे मी म्हणत नाही. अल्डाब्रावर तर वजनाने बहुतेक माल मासेमारीच्या जाळ्या-दोरांचाच निघाला. पण भंडाऱ्याच्या लोकांनी तरी माझी पन्नी का सांभाळावी?

23 सप्टेंबर 2023 च्या पुरात आमच्या घरात कमरेइतके पाणी होते. ओसरल्यावर पाहिले तर काठावरच्या बाभळींना माझ्या डोक्याच्या वर पन्न्या लटकलेल्या, सगळ्या एका रेषेत. पाणी कुठवर चढले ते मोजायला दुसरी पट्टी लागली नाही.

माझे म्हणणे एवढेच. उन्हाळ्यात नदीतला गाळ-कचरा उपसतात, चांगले करतात. पण आमच्या बाजूला तो ढीग काठावरच राहिला आणि मृगाच्या पहिल्या सरीत परत नदीत गेला. काढला त्याच आठवड्यात उचलला पाहिजे. बेटावरचा माणूस कचरा काढून ठेवतो तेव्हा कचरा बोटीत चढेपर्यंत काम झाले असे समजत नाही. तान्ह्या पोळ्याला आपण ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणतो. ती मारबत, म्हणजे ईडा-पीडेचा पुतळाही, शेवटी जाळतो, कुणाच्या दारात नेऊन ठेवत नाही.

खर्रा पन्नीऐवजी डबीत द्या, असे पानठेलेवाल्यांशी बोलून पाहिले. आमच्या ओळखीचा पोरगा म्हणाला, “काकाजी, डबीत घोटू कसा? चुना बराबर लागतच नाही.” मी म्हटले, बाबा, तुझ्या एकाच जाड पन्नीत दिवसभर घोट, गिऱ्हाइकाला त्याच्या डबीत दे. तो हसला. पण आता तीन गिऱ्हाइके डबी आणतात. (खर्रा सोडा, हे मी त्यांना वेगळे सांगतो.)

गेल्या रविवारी आम्ही तिघा म्हाताऱ्यांनी पुलाखाली दोन तास फक्त पन्न्या वेचल्या. गोणी गच्च भरली आणि वजन मातीसकट सव्वा किलो. कबाडीवाल्याकडे नेली तर म्हणाला, याचे वजनच भरत नाही, न्या परत. गोणी सध्या माझ्या गच्चीवर आहे. कोणी घेणारे असेल तर आपल्या पत्रातून कळवावे, पावसाच्या आधी.

एक निवृत्त एसटी वाहक,
नागपूर