ड्रिफ्टिंगच्या फेऱ्या वाढवण्याआधी तारखांचा मेळ घाला

मा. संपादक,
स. न.

मोटारशर्यतींचा नाद असलेल्या मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक तक्रार वरचेवर येते. ड्रिफ्टिंगला एवढी गर्दी लोटते, थेट प्रक्षेपण जगभर पाहिले जाते, मग अमेरिकेतील ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ वर्षाकाठी आठच फेऱ्या का घेते, युरोपातील ‘ड्रिफ्ट मास्टर्स’ सहाच्या आसपास का घुटमळते आणि फॉर्म्युला वनसारखी वीस-चोवीस शर्यतींची जागतिक मालिका या खेळात अजून का उभी राहत नाही, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर संयोजकांच्या कचखाऊपणात शोधले जाते, ते मला पटत नाही. फेऱ्यांची संख्या आवरती ठेवण्यात संयोजक बरोबरच आहेत. त्यांचे चुकते ते निराळ्या ठिकाणी: प्रत्येक मालिका आपले वेळापत्रक जगात दुसरी मालिकाच नाही अशा थाटात आखते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ड्रिफ्टिंगमध्ये सर्वांत आधी कोण पोहोचले याला महत्त्व नसते. दोन गाड्या एकमेकींना जवळजवळ खेटून, मागची चाके घसरवत आडव्या वळण घेतात आणि पंच त्यांची रेषा, कोन आणि शैली पाहून निकाल देतात. पुढची गाडी आणि मागची गाडी यांची अदलाबदल करून प्रत्येक जोडी दोनदा धावते. कोण सरस हे पंचांना ठरवता आले नाही तर ‘वन मोअर टाइम’ पुकारला जातो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बत्तीस चालकांची बाद फेरी म्हणजे एकतीस लढती आणि किमान बासष्ट धावा. एका लढतीला सरासरी पाचच मिनिटे धरली तरी अडीच तासांहून अधिक वेळ जातो, आणि पाच मिनिटांचा हा हिशेब प्रत्यक्षात क्वचितच टिकतो. एखादी गाडी भिंतीवर आदळते, डांबरावर तेल सांडते, ते पुसण्यासाठी माणसे धावतात. अपघातग्रस्त संघ आपल्या हक्काची पाच मिनिटांची सवलत मागतो आणि सात-आठ जण गाडीवर तुटून पडून चाकाला गाडीशी जोडणारा वाकलेला दांडा (आर्म) बदलतात. तोवर प्रतिस्पर्धी चालक हेल्मेट घालून रांगेत बसून राहतो. प्रेक्षकांना हा थरार आवडतो, मलाही आवडतो. पण प्रक्षेपणाची वेळ विकत घेणाऱ्या वाहिनीला कार्यक्रम कधी संपेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्या खेळाची एक संध्याकाळ आखणे इतके अवघड, त्याचे वर्ष आखणे किती अवघड असेल याची कल्पना यावरून यावी.

खरी अडचण जागेची आहे. फॉर्म्युला ड्रिफ्टचा पहिला हंगाम २००४ मध्ये अवघ्या चार फेऱ्यांचा होता आणि तेथून आठ फेऱ्यांपर्यंत यायला दशकाहून अधिक काळ लागला. हंगामाचा प्रारंभ एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहराच्या रस्त्यांवर होतो, आणि तो होऊ शकतो याचे मुख्य कारण म्हणजे त्याच सुमारास तेथे इंडीकार या अमेरिकेतील मोठ्या मोटारशर्यत मालिकेची ग्रां प्री असते. काँक्रीटच्या भिंती, कुंपणे, प्रेक्षकांचे सज्जे हे सारे त्या मोठ्या शर्यतीसाठी आधीच उभे असते आणि ड्रिफ्टिंगवाले त्याच्या काही वळणांवर आपला कार्यक्रम साजरा करतात. व्यवस्था काटकसरीची आहे, पण त्यामुळे पहिल्या फेरीची तारीख त्यांच्या हातात राहत नाही. २०२० मध्ये करोनामुळे लाँग बीचची शर्यतच रद्द झाली आणि पुढच्या वर्षी ती सप्टेंबरवर गेली, तेव्हा याची किंमत कळली. २०२० च्या हंगामात फॉर्म्युला ड्रिफ्टला एकाच ठिकाणी लागोपाठ दोन-दोन फेऱ्या उरकून हंगाम कसाबसा पार पाडावा लागला.

स्वतःच्या म्हणाव्यात अशा जागाही हातच्या सुटत आहेत. लॉस एंजेलिसजवळचा आयर्विंडेलचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक या खेळाचे अमेरिकेतील माहेरघर. जपानच्या ‘डी-वन ग्रां प्री’ या ड्रिफ्टिंग मालिकेने २००३ मध्ये अमेरिकेतील आपला पहिला कार्यक्रम तेथेच केला आणि पुढे कित्येक वर्षे फॉर्म्युला ड्रिफ्टची अखेरची फेरी तेथेच रंगली. डिसेंबर २०२४ मध्ये तो ट्रॅक कायमचा बंद झाला. शहराची वस्ती वाढली, जमिनीचा भाव वाढला की ट्रॅक टिकत नाही, हे आपल्याकडच्या मैदानांची गत पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. जपानमध्ये निसर्गानेही घाला घातला: फेब्रुवारी २०२१ च्या भूकंपात फुकुशिमा प्रांतातील एबिसू सर्किटवर डोंगराची कड कोसळून ड्रिफ्टिंगच्या ट्रॅकचा काही भाग मातीखाली गेला. युरोपात ड्रिफ्ट मास्टर्सने २०२३ पासून अंतिम फेरी वॉर्साच्या राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियममध्ये नेली. गर्दीच्या दृष्टीने हा निर्णय उत्तमच ठरला, मात्र फुटबॉलचे सामने आणि गायनाचे जलसे यांतून मोकळा राहील तोच शनिवार या खेळाच्या वाट्याला येणार, हेही ओघानेच आले.

यानंतर अंतरे. फॉर्म्युला ड्रिफ्टचा नेहमीचा क्रम नकाशावर पाहावा: लाँग बीच, अटलांटा, ऑर्लँडो, न्यू जर्सी, सेंट लुईस, सिअ‍ॅटल, युटा आणि पुन्हा लॉस एंजेलिस परिसर. ही सबंध देशाला घातलेली प्रदक्षिणाच आहे आणि तिच्यामागे विचार आहे, कारण गाड्या विमानाने नव्हे तर ट्रेलरने जातात. पहिल्या दोन ठिकाणांतच साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर आहे. सेंट लुईसहून सिअ‍ॅटलही जवळपास तेवढेच. या प्रदक्षिणेत नववी किंवा दहावी फेरी घुसवायची तर एखाद्या संघाला उलट्या दिशेने देश ओलांडावा लागेल. बहुतेक संघ छोटे आहेत, गाडी दुरुस्त करणारी माणसेच ट्रेलरही हाकतात. गाडीची ताकद हजार अश्वशक्तीच्या घरात असल्याने मागच्या टायरांची जोडी मोजक्या धावांत संपते आणि टायरांचे ढीग बरोबर न्यावे लागतात. भिंतीला घासलेली गाडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उभी करायची असते. फेऱ्या वाढवल्या तर पैसेवाले चार संघ तगतील आणि उरलेले गळतील; मग बत्तीस जणांची बाद फेरी भरायला चालक आणायचे कोठून?

इतके सारे मान्य करूनही माझी तक्रार उरते. अमेरिका, युरोप आणि जपान या तिन्ही ठिकाणचे हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंत एकमेकांवर चढलेले असतात. आयर्लंडच्या जेम्स डीनने २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे फॉर्म्युला ड्रिफ्टचे अजिंक्यपद मिळवले आणि तो युरोपातही धावत राहिला. अशा चालकांमुळेच एका खंडातील प्रेक्षक दुसऱ्या खंडातील मालिका पाहू लागतो. पण दोन्हीकडे उतरायचे तर दोन गाड्या, दोन ठिकाणी माणसे आणि मधल्या आठवड्यात विमानप्रवास, हे फारच थोड्यांच्या आवाक्यातले आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने २०१७ मध्ये टोकियोच्या ओदैबात जागतिक स्वरूपाचा ड्रिफ्टिंग चषक सुरू केला, पहिला मान रशियाच्या गिओर्गी चिवचियानने पटकावला. २०१९ मध्ये तो चषक जपानमधल्याच त्सुकुबा ट्रॅकवर झाला आणि नंतर त्यात खंड पडला. करोना हे कारण खरेच. परंतु मोठ्या मालिकांनी त्या चषकासाठी आपल्या वेळापत्रकात राखीव जागा ठेवली असती तर तो पुन्हा उभा करणे सोपे गेले असते.

म्हणून फेऱ्या वाढवण्यापेक्षा फॉर्म्युला ड्रिफ्ट, ड्रिफ्ट मास्टर्स आणि जपानी संयोजकांनी दरवर्षी हंगामाच्या आधी एकत्र बसून तारखा ठरवाव्यात, जुलैमध्ये किमान तीन आठवडे सर्वांनी मोकळे सोडावेत आणि हंगाम संपल्यावर नोव्हेंबरमध्ये एकच सामायिक स्पर्धा घ्यावी. उष्ण प्रदेशातील देशांना यजमानपद मिळण्याची संधीही त्यातूनच निघेल.

आपल्याकडेही अधूनमधून ड्रिफ्टिंगची मालिका सुरू करण्याची भाषा होते. तिच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी अलीकडचे दोन अनुभव डोळ्यांसमोर ठेवावेत. चेन्नईची रस्त्यावरची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे ढकलली गेली आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पार पडली. हैदराबादने फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेची शर्यत भरवली, पण राज्यात सरकार बदलल्यावर २०२४ ची शर्यत रद्द झाली. महाराष्ट्रात तर जून ते सप्टेंबर पावसाचेच. ओल्या रस्त्यावर ड्रिफ्टिंग होत नाही असे नव्हे, परंतु मुसळधार पावसात प्रेक्षक उघड्यावर बसवता येत नाहीत आणि विजा कडाडू लागल्या की कार्यक्रम थांबवावाच लागतो. तेव्हा येथे कोणी हा खेळ आणणार असेल, तर त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दोन किंवा तीनच फेऱ्या घ्याव्यात, त्याही कोइमतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडा येथे जे ट्रॅक आज उभे आहेत तेथे, आणि तारखा वर्षभर आधी जाहीर कराव्यात.

आपला विश्वासू,
एक मोटारक्रीडाप्रेमी वाचक, पुणे