ट्रिनिटी चर्चच्या आत जा, तळघरातही उतरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांबद्दलचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण बॉस्टनच्या कॉप्ली चौकातल्या ट्रिनिटी चर्चची त्यात दोन-तीन ओळींत जी बोळवण केली आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एक तर या चर्चला गॉथिक म्हटलं आहे. शिवाय ते बघायचं कशासाठी, तर शेजारच्या काचेच्या उंच इमारतीत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि फोटो छान येतो म्हणून! मी स्थापत्य अभियंता, मुंबईत पाइलिंगच्या, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याच्या, कामांवर नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. मुलगा बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे या चर्चमध्ये माझं अनेकदा जाणं झालं. ज्या काचेत हे प्रतिबिंब दिसतं, त्याच इमारतीच्या पायाच्या खोदकामामुळे या चर्चच्या भिंतींना तडे गेले होते. हे वाचकांना ठाऊक असायला हवं.

आधी गॉथिकबद्दल. मुंबई विद्यापीठाची जुनी इमारत किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहिलेल्या माणसाला टोकदार कमानी ओळखीच्या असतात. ट्रिनिटीच्या कमानी अर्धगोल आहेत. जाड भिंती, बुटके खांब, खडबडीत दगड आणि मधोमध बसका, रुंद मनोरा. ही रोमनेस्क शैली, म्हणजे युरोपात गॉथिकच्या आधी रुळलेली. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुरचनाकाराने ती अशी काही आपलीशी केली, की अमेरिकेत त्या शैलीला पुढे त्याचंच नाव पडलं. 1872 मध्ये सहा जणांच्या स्पर्धेतून त्याची निवड झाली, तेव्हा तो जेमतेम तेहेतिशीचा होता. लगेच त्याच वर्षी, 9 नोव्हेंबरला लागलेल्या बॉस्टनच्या मोठ्या आगीत समर स्ट्रीटवरचं जुनं ट्रिनिटी चर्च जळून गेलं. नशिबाने नवी जागा त्याआधीच घेऊन ठेवलेली होती.

ही मंडळी मुळात 1733 पासूनची, इंग्लंडच्या चर्चमधली. 1776 मध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाल्यावर ट्रिनिटीने इंग्लंडच्या राजासाठीची प्रार्थना गाळली. क्रांतीनंतर अमेरिकेतली अशी चर्च एकत्र येऊन एपिस्कोपल चर्च झालं. आपल्याकडच्या वाचकांनी कुलाब्याचं अफगाण चर्च पाहिलं असेल, घराणं तेच.

आता माझ्या कामाचा विषय. बॉस्टनचा बॅक बे हा भाग म्हणजे भरती-ओहोटीची चिखलाची खाडी होती. 1850 च्या दशकाच्या अखेरीपासून नीडहॅम गावाहून आगगाडीने खडी-वाळू आणून ती बुजवली. भराव नवा, त्याखाली चिखल, आणि त्यावर हजारो टन दगड चढवायचा. रिचर्डसनच्या पहिल्या आराखड्यात मनोरा अष्टकोनी आणि बराच उंच होता. ही जमीन एवढा भार झेलणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने मनोरा चौकोनी, रुंद आणि ठेंगणा केला. स्पेनमधल्या सालामांकाच्या जुन्या कॅथीड्रलचा मनोरा त्याच्या डोळ्यांपुढे होता. आज ज्या रूपाची सगळीकडे वाखाणणी होते, ते मातीच्या कुवतीमुळे ठरलं. असं असूनही मनोरा 211 फूट आहे!

जमिनीत सुमारे 4,500 लाकडी पाइल ठोकले आहेत. मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांचा भार त्यांच्यावर पसरवायला ग्रॅनाइटचे चार पिरॅमिड रचले: तळाशी 35 फूट चौरस, उंची 17 फूट, माथ्याला 7 फूट चौरस. सव्वाशे वर्षं हे पिरॅमिड मातीत गाडलेले होते. या शतकाच्या सुरुवातीच्या जीर्णोद्धारात चर्चखाली तळघर काढलं, तेव्हा ते उघडे झाले आणि तसेच उघडे ठेवले. आता खाली उतरून त्यांना हात लावता येतो. दगड नुसते छिन्नीने ठोकून काढलेले, कोणी बघणार आहे अशा हिशेबाने घडवलेले नाहीत, पण सांधे बघा, एकही सरकलेला नाही. नॉरक्रॉस बंधू या ठेकेदारांचं हे काम. मी त्या दगडापाशी बराच वेळ उभी होते. आमच्या कामातलं सगळं काँक्रीट ओतलं की कायमचं दृष्टीआड होतं. आपल्या पेशातलं काम असं समोर बघायला मिळणं दुर्मीळ.

लाकडी पाइल म्हटलं की लोक दचकतात. लाकूड भूजलात पूर्ण बुडालेलं असेल तर कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. पाण्याची पातळी उतरली आणि पाइलचं डोकं उघडं पडलं, की मात्र खेळ खलास. चौकाच्या समोरच्या बाजूला बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय आहे; 1929 मध्ये त्याच्याखालचे पाइल वरून कुजलेले सापडले आणि पायाची मोठी दुरुस्ती करावी लागली. गळक्या गटारांत भूजल झिरपून जातं, हे त्यामागचं मोठं कारण. आज बॉस्टनमध्ये 1986 साली स्थापन झालेली एक संस्था फक्त भूजलावर लक्ष ठेवते. तिच्या निरीक्षण विहिरी शहरभर आहेत. फुटपाथवर लहानशी गोल झाकणं दिसतात, तीच ती. बॅक बेमध्ये मोठं नवं बांधकाम करताना पावसाचं पाणी जमिनीत मुरवावंच लागतं. आपल्याकडे पाऊस-पाणी जिरवा म्हणतात ते पिण्यासाठी. तिथे ते इमारती उभ्या राहाव्यात म्हणून जिरवतात.

1968 मध्ये चर्चच्या अगदी शेजारी जॉन हॅनकॉक या विमा कंपनीच्या साठ मजली, 790 फुटी इमारतीचं काम सुरू झालं. खोल खड्ड्याच्या कडेची माती अडवायला लावलेल्या पोलादी भिंती आत सरकल्या, शेजारची जमीन हलली आणि चर्चचा त्या बाजूचा भाग असमान खचला. दगडी बांधकामाला असमान खचणं सोसत नाही. तडे गेले. चर्च कोर्टात गेलं आणि 1987 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला.

त्या निकालातला विचार मला फार मोलाचा वाटतो. चर्च पडलेलं नव्हतं, रोज वापरात होतं. मग नुकसान मोजायचं कसं? तज्ज्ञांनी हिशेब मांडला तो असा: दगडी इमारत एका मर्यादेपर्यंतच वाकणं-खचणं सहन करते, ती ओलांडली की इमारत उतरवून पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नाही. त्या मर्यादेतला किती हिस्सा या खोदकामाने एकट्याने खाऊन टाकला, ते काढलं आणि पुनर्बांधणीच्या खर्चाचा तेवढा हिस्सा भरपाई म्हणून मागितला. न्यायालयाने तो ग्राह्य धरला. म्हणजे इमारतीच्या आयुष्यातला जो भाग शेजाऱ्याने संपवला, त्याची किंमत शेजाऱ्याने द्यायची. दक्षिण मुंबईत जुन्या दगडी इमारतींना लागून खोल खड्डे घेतले जातात. प्लास्टर पडलं तर दुरुस्त करून देऊ, एवढ्यावर बोलणं थांबतं, हे मी कितीतरी बैठकांत ऐकलं आहे. त्या खड्ड्यांवर सही करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा.

चर्चच्या आत गेल्यावर आधी काही दिसत नाही. डोळे सरावले की भिंतींचा गडद तांबडा रंग वर येतो. बाहेरून डेडहॅमचा ग्रॅनाइट आणि लाँगमेडोचा तपकिरी वालुकाश्म, आणि आत हा रंग! जॉन ला फार्ज या चित्रकाराला हे काम 1876 च्या शरद ऋतूत मिळालं आणि 9 फेब्रुवारी 1877 ला चर्च अर्पण व्हायचं होतं. ऐन थंडीत, परांचीवर उभं राहून त्याने आणि त्याच्या मदतनिसांनी भिंती रंगवल्या. पुढे 1883 मध्ये त्यानेच पश्चिमेच्या भिंतीवरच्या तीन उंच खिडक्या केल्या. काचेवर रंग लावण्यापेक्षा रंग काचेतच आणायचा, दुधी काचेचे थर एकावर एक ठेवायचे, ही त्याची पद्धत. मधल्या खिडकीतल्या ख्रिस्तामागचा निळा दुपारचं ऊन पडलं की असा काही खोल होतो, की काचेला जाडी किती असावी असा प्रश्न पडतो. 1885 मध्ये अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांनी देशातल्या उत्तम इमारतींसाठी कौल दिला, तेव्हा ट्रिनिटी पहिली आली होती.

शेवटची गोष्ट आपल्या लेखकाला माहीत असती तर त्यांनी नक्की लिहिली असती. हे चर्च बांधवून घेणारे धर्मगुरू फिलिप्स ब्रुक्स. 1869 ते 1891 ते इथे होते. 1882-83 च्या हिवाळ्यात मुंबईसह भारतात फिरून गेलेले. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं विधवांच्या शाळेसाठी तिथे गावोगाव बोलत हिंडल्या. 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं शाळेचा खर्च चालवायचं तिने ठरवलं. तिच्या उपाध्यक्षांत ट्रिनिटीचे हे ब्रुक्स होते. त्या पैशांवर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. आमच्या आजीच्या पिढीपासून ज्या शिक्षणाची फळं आम्ही खातो, त्याचा एक धागा या चौकापर्यंत जातो. चर्चच्या बाहेर ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडवलेला ब्रुक्स यांचा पुतळा आहे. मराठी मंडळी त्याच्यासमोरून, वर काचेकडे बघत, निघून जातात.

तेव्हा पुढच्या वेळी बॉस्टनवर लिहाल तेव्हा शैलीची चूक दुरुस्त करावी, हॅनकॉक इमारतीबरोबर खोदकामाचाही उल्लेख करावा आणि रमाबाईंचं नाव घालावं, ही विनंती. जाणाऱ्या वाचकांनी रविवारची प्रार्थनेची वेळ सोडून, शक्यतो दुपारी, पश्चिमेचं ऊन असताना जावं आणि तळघरात उतरून ते पिरॅमिड पाहावेत.

आपली,
एक वाचक, ठाणे